कपातीच्या यादीत न मावणारं काम

नोकरकपातीची घोषणा व्हायच्या कितीतरी आधी शॉप फ्लोअरला, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन चालतं तिथल्या माणसांना, तिची कुणकुण लागलेली असते. सूचना फलकावर काही नसतं, वरिष्ठांच्या तोंडून अवाक्षर निघत नाही. पण ओव्हरटाइम गुपचूप बंद होतो. टूल रूमसाठी मागवलेले इन्सर्ट, म्हणजे धातू कापायच्या हत्यारांची बदलायची पाती, येत नाहीत, मागणीपत्र कुठल्याशा सहीसाठी अडकलेलं असतं. आवाज करणारं बेअरिंग बदलायचं काम ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणून ढकललं जातं. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही, त्याचं काम शेजारच्याच्या गळ्यात पडतं. मग एके दिवशी ओळख करून न दिलेली दोन-तीन तरुण माणसं लाइनवर येऊन उभी राहतात, हातात टॅब घेऊन कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते टिपून घेतात. जुनी माणसं एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. पुढे काय होणार हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

मी नोकरीची सगळी वर्षं कारखान्यात काढली. आधी मशीन शॉपमध्ये, नंतर प्रॉडक्शन प्लॅनिंगला. त्या काळात पुनर्रचनेच्या फेऱ्या आल्या आणि गेल्या, कंपनीचे मालक बदलले, खात्यांची नावं बदलली. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मी आता मोकळेपणाने मांडतो. कपात हा कुणीतरी बसून, विचार करून घेतलेला निर्णय असतो. सांगताना मात्र ती पाऊस आल्यासारखी सांगितली जाते: बाजारच तसा आहे, जगभर हेच चाललंय, कुणाच्याच हातात काही नव्हतं. आणि दुसरी, मला जास्त बोचणारी गोष्ट अशी की हा निर्णय ज्या कागदावर घेतला जातो त्या कागदावर काम दिसतच नाही. तिथे फक्त जागा दिसतात.

तो कागद मी जवळून पाहिला आहे. डावीकडे खातं, मग पद, मग वर्षाला त्या माणसावर होणारा एकूण खर्च, वय, नोकरीची वर्षं. शेवटी कौशल्याचा रकाना. कारखान्यात काम केलेल्यांना तो गोल माहीत असेल. चार भाग केलेलं वर्तुळ, आणि येत असेल तेवढं कौशल्य तेवढे भाग काळे करायचे. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे स्वतंत्रपणे करतो, चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. रोजच्या कामाची वाटणी करायला ही पद्धत फार उपयोगी आहे. आज कोण आलं नाही, कुणाला कुठे उभं करायचं, हे एका नजरेत कळतं. पण कपातीच्या टेबलावर हाच गोल ठेवला की दोन माणसांचे चारही भाग काळे दिसतात, एकाचा पगार दुसऱ्याच्या दुप्पट दिसतो, आणि पुढचा हिशेब कॅल्क्युलेटरसुद्धा न घेता होतो.

आमच्याकडे सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर एक ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. शाफ्टवर बेअरिंग बसतं ती जागा घासून मापात आणायची, हे त्यांचं काम. मुभा आठ-दहा मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या सात-आठ चिरफळ्या केल्या तर त्यातल्या एकीएवढीच चूक चालणार. सकाळी आल्यावर मामा पहिला जॉब लगेच लावत नसत. स्पिंडल आणि कूलंट चालू करून मशीन नुसतंच फिरू द्यायचे. थंड मशीनवर सकाळी बसवलेलं माप मशीन तापल्यावर सरकतं, आणि किती सरकेल ते त्या दिवसाच्या हवेवर अवलंबून असतं. कागदावरच्या कार्यपद्धतीत वॉर्मअपची मिनिटं दिली होती. मामा व्हीलहेडच्या, म्हणजे घासणारं चाक जिथे बसवलेलं असतं त्या भागाच्या, अंगावर तळवा ठेवून बघत आणि मगच पहिला शाफ्ट सेंटरमध्ये धरत.

कार्यपद्धतीत असंही लिहिलं होतं की अमुक इतके नग झाले की चाकाला ड्रेसिंग करा, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने चाकाचा गुळगुळीत झालेला थर काढून नवा धारदार थर उघडा. मामा नग मोजत नसत. चाक गुळगुळीत व्हायला लागलं की कापण्याचा आवाज बदलतो, त्यात एक शिट्टीसारखा बारीक सूर येतो. तो आला की ते ड्रेसिंग करत, मग मोजणीत अजून पाच नग बाकी असोत की पंधरा. ठिणग्यांवरून त्यांना कळायचं की आजच्या लॉटचं हीट ट्रीटमेंट, म्हणजे भट्टीत तापवून कडक करणं, जरा जास्त कडक उतरलंय. मग ते कुणाला मेल करत नसत. इंटरकॉमवरून थेट भट्टीवरच्या माणसाला विचारत, ‘काय रे, कालचा लॉट कुणी काढला?’ त्या दोघांचं काय बोलणं व्हायचं ते कुठेच नोंदलेलं नाही, पण त्यानंतरचा लॉट बरा यायचा.

यादीत मामांचं नाव आलं. कामाचं हस्तांतर करायला त्यांना थोडी मुदत मिळाली आणि हाताखाली कंत्राटावरचा एक मुलगा दिला. हस्तांतराचा एक फॉर्म होता. मशीन क्रमांक, कामाचं नाव, कार्यपद्धती समजावली का: हो, नाही. फॉर्म सहज भरला गेला. मुलगा हुशार होता आणि मनापासून शिकणारा होता. फॉर्ममध्ये मावत नव्हतं ते त्याने स्वतःच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतलं. बाहेरच्या लोकांना ज्याचा विश्वास बसत नाही ते मला इथे सांगायचं आहे. ज्या माणसाला नारळ मिळाला आहे तो आपल्या जागी येणाऱ्याला हातचं काही राखून न ठेवता शिकवतो. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. मामा त्या मुलाला डोळे मिटायला लावायचे आणि आवाज ऐकवायचे. ‘आता? आता बदलला का?’ मुलगा म्हणायचा, ‘नाही मामा.’ ‘थांब. आता?’

आवाज ओळखायला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढा वेळ कुणी दिलेला नव्हता.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. रिजेक्शन वाढलं. मग निवडक नगांऐवजी प्रत्येक नग तपासायचं ठरलं, त्यासाठी दोन माणसं लागली. एक लॉट ग्राहकाकडून परत आला, त्याची वाहतूक, पुन्हा तपासणी, शनिवार-रविवारचा ओव्हरटाइम. पण ही सगळी रक्कम गुणवत्ता खात्याच्या खर्चात पडली आणि मामांचा वाचलेला पगार उत्पादन खात्याच्या बचतीत दिसला. दोन आकडे एका पानावर कधी आलेच नाहीत. वार्षिक आढाव्यात पुनर्रचना यशस्वी ठरली.

एखाद्याला वाटेल हे एका मशीनपुरतं आहे, मोठ्या यंत्रणा असं काही हरवू देत नसतील. अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमातली गोष्ट याच्या उलट आहे. फॉगबँक या सांकेतिक नावाचा एक पदार्थ टेनेसीतल्या ओक रिज इथल्या वाय-१२ कारखान्यात १९७५ ते १९८९ या काळात बनत होता. मग उत्पादन थांबलं. पुढे डब्ल्यू-७६ या अस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा तो पुन्हा हवा झाला. तोवर जुनी यंत्रणा मोडीत निघाली होती, नोंदी अपुऱ्या होत्या आणि तो बनवू जाणणारी जवळजवळ सगळी माणसं निघून गेली होती. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने मार्च २००९च्या अहवालात हे नमूद केलं आहे. उत्पादनातल्या अडचणी सोडवायला ६.९ कोटी डॉलर घालावे लागले. सगळं जुन्यासारखं उभारूनही पदार्थ नीट जमेना. शेवटी उलगडा झाला तो असा की पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्ध घटक असायचा, तो पदार्थाच्या गुणासाठी आवश्यक होता आणि नव्या शुद्धीकरणात तो निघून जात होता. पूर्वी काम करणाऱ्यांनाही हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या कामाच्या रीतीत ते आपसूक सांभाळलं जात होतं.

म्हणून ‘सगळं डॉक्युमेंट करून घ्या’ या उत्तराने माझं समाधान होत नाही. डॉक्युमेंट करायला आधी माहीत असावं लागतं. कामाचा मोठा भाग असा असतो की तो करणाऱ्यालाही शब्दांत सांगता येत नाही. तो शेजारी उभं राहून, वर्षानुवर्षं, एका हातातून दुसऱ्या हातात जातो. ती साखळी एकदा तुटली की पैसे देऊन लगेच जोडता येत नाही.

मग कंपन्या असं का करतात? सगळ्याच अडचणीत असतात म्हणून नव्हे. जानेवारी २००८मध्ये नोकियाने जर्मनीतल्या बोखुमचा मोबाइलचा कारखाना बंद करायची घोषणा केली. २,३०० माणसांचा रोजगार त्यावर होता. त्याच महिन्यात कंपनीने आदल्या वर्षाचे आकडे जाहीर केले, २००७चा निव्वळ नफा ७ अब्ज युरोंहून अधिक होता. उत्पादन रोमानियातल्या क्लूजजवळ युकू या गावी हलवलं, कारण तिथे मजुरी स्वस्त होती. बोखुममध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, जर्मनीतल्या काही बड्या नेत्यांनी जाहीरपणे नोकियाचे फोन वापरणं सोडलं. आणि २०११मध्ये युकूचा कारखानाही बंद करायचं ठरलं. चार वर्षांच्या आत दोन देशांतल्या दोन गावांना तीच बातमी मिळाली. या मधल्या काळात मोबाइलचा बाजार आयफोन आणि अँड्रॉइडने बळकावला होता. नोकियाचं दुखणं बोखुमच्या मजुरीत नव्हतंच, ते फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये होतं.

दुसरं कारण शेअर बाजार. अमेरिकेतली सनबीम ही मिक्सर, ग्रिल अशा घरगुती उपकरणांची कंपनी. जुलै १९९६मध्ये अल्बर्ट डनलॅप तिथे प्रमुख म्हणून येणार हे जाहीर झालं आणि एका दिवसात शेअर जवळजवळ पन्नास टक्क्यांनी चढला. त्या माणसाने अजून एक कागद हलवलेला नव्हता. त्याआधी स्कॉट पेपर या कागदाच्या कंपनीत त्याने हजारो कामगार कमी केले होते, तेवढ्या ख्यातीवर बाजार खूश झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सनबीमच्या १२,००० पैकी निम्म्या माणसांना कमी करायची योजना आली. काही काळ नफा फुगलेला दिसला. तो दिसावा म्हणून दुकानदारांच्या नावावर आधीच माल विकल्याचं दाखवलं गेलं होतं, हिवाळ्यात बागेतले ग्रिलसुद्धा. जून १९९८मध्ये डनलॅपला संचालक मंडळाने काढलं, २००१च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, आणि २००२मध्ये डनलॅपवर कुठल्याही सार्वजनिक कंपनीचा अधिकारी किंवा संचालक व्हायची कायमची बंदी आली. निम्मी माणसं कुठल्या पापासाठी घरी गेली होती, याचं उत्तर त्या निकालात नाही.

मी कपातीच्या सरसकट विरोधात नाही. जिथे मालच कुणाला नको, तिथे माणसं तशीच ठेवता येत नाहीत. कोडॅककडे १९८८मध्ये जगभरात सुमारे १,४५,००० माणसं होती आणि २०१२मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्म घालायचा कॅमेराच लोकांच्या हातातून गेल्यावर फिल्म बनवणारे तेवढेच राहणार नव्हते. यंत्रं सुधारतात, तेव्हाही कमी हात लागतात. अमेरिकेत कारखान्यांतला रोजगार १९७९मध्ये सुमारे १ कोटी ९५ लाखांवर पोचला होता, २०१०च्या सुरुवातीला तो १ कोटी १५ लाखांच्या आसपास उतरला. त्यात यंत्रं होती, आयात होती, मंदी होती. हे सगळं मान्य. माझं भांडण वेगळं आहे. खरी गरज किती, ती कधी कळली, कळल्यावर पहिलं काय केलं, आणि भार कुणाच्या खांद्यावर टाकला, हे प्रश्न प्रत्येक कपातीला विचारले गेले पाहिजेत. ‘बाजार’ हे त्यांचं उत्तर होत नाही.

ज्यांच्यावर भार पडतो त्यांचं काय होतं ते मोजलेलं आहे. लुई जेकबसन, रॉबर्ट लालोंड आणि डॅनियल सलिव्हन या अर्थशास्त्रज्ञांनी पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षं एकाच कंपनीत काढलेल्या आणि १९८०च्या दशकात नोकरी गेलेल्या कामगारांच्या कमाईच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरी जाऊन पाच-सहा वर्षं झाल्यावरसुद्धा या लोकांची कमाई पूर्वीच्या मानाने सुमारे २५ टक्के कमीच होती. म्हणजे दुसरी नोकरी मिळाली की हिशेब मिटला असं होत नाही. त्याच राज्यातल्या नोंदींवरून सलिव्हन आणि टिल फॉन वाख्टर यांनी २००९मध्ये त्याहून जड गोष्ट दाखवली. बरीच वर्षं नोकरी झालेल्या पुरुषांमध्ये काम गेल्यानंतरच्या वर्षात मृत्यूचं प्रमाण ५० ते १०० टक्क्यांनी वाढलेलं होतं. वीस वर्षांनीही ते १० ते १५ टक्के जास्तच होतं. चाळिशीत नोकरी गेलेल्याच्या आयुष्यातलं एक ते दीड वर्ष यात जातं, असा त्यांचा अंदाज आहे. पोटावर पाय येणं हे आपण बोलून जातो, इथे ते आयुर्मानाच्या तक्त्यात उतरलं आहे.

आणि पैशांपलीकडचं एक नुकसान आहे. व्हिएन्नाजवळच्या मारियेंथाल या गावात एकच मोठी कापड गिरणी होती. महामंदीत ती बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल या तरुण अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावाचा अभ्यास केला. लोकांना मोकळा वेळ मिळाला तर ते जास्त वाचतील, जास्त सभांना जातील असं वाटेल. झालं उलटं. ग्रंथालयातून पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं, वर्तमानपत्रं घेणंही कमी झालं. अभ्यासकांनी खिडकीआड बसून लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. बायका भराभर जात होत्या, कारण घरचं काम संपलेलं नव्हतं. बहुतेक पुरुषांनी खिशात घड्याळ ठेवणं सोडून दिलं होतं. १९३३मध्ये छापलेला हा अभ्यास मी वाचला तेव्हा मला आमच्याकडून गेलेली दोन-तीन माणसं आठवली, जी कित्येक महिने पाळीच्या वेळेला उठून आवरून बसायची.

मागे राहिलेल्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि ते मी आतून पाहिलं आहे. नाव यादीत नव्हतं म्हणून सुटल्यासारखं वाटतं, आणि ज्याचं होतं त्याच्याशी बोलताना शब्द सापडत नाहीत. शेजारचं लॉकर रिकामं असतं. दोन मशीनचं काम एकाकडे येतं. पुढच्या फेरीत आपण असू का, हा विचार प्रत्येक बैठकीत मागे उभा असतो. अशा वेळी कुणी सुधारणा सुचवत नाही. हे काम दोघांऐवजी एकात होईल असं सुचवणारा कामगार आपल्याच मित्राची जागा घालवत असतो, हे त्याला नीट कळतं. वर्षानुवर्षं ‘तुमच्या सूचना टाका’ म्हणून भिंतीवर लावलेली पेटी एका फेरीनंतर रिकामी राहायला लागते, आणि ती पुन्हा भरायला किती वर्षं लागतील हे पुनर्रचनेच्या कुठल्याच तक्त्यात नसतं. भरीला स्वेच्छानिवृत्ती काढली असेल तर पहिला अर्ज कुणाचा येतो? ज्याला बाहेर लगेच काम मिळणार असतं त्याचा. उत्तम वेल्डर, उत्तम टूलमेकर, उत्तम मेंटेनन्सवाला पैसे घेऊन निघून जातो आणि व्यवस्थापनाला जे हातून जाऊ द्यायचं नव्हतं नेमकं तेच जातं.

पर्याय असतात, आणि ते वापरून पाहिलेले आहेत. जर्मनीत कुर्झआर्बाइट ही योजना आहे. मंदीत माणसं काढण्याऐवजी सगळ्यांचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मुलं असतील तर ६७ टक्के, सरकारी रोजगार विम्यातून द्यायचे. २००९मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली, तरी बेकारी फारशी वाढली नाही. त्या वर्षी एका टप्प्यावर सुमारे १५ लाख लोक या योजनेत होते. एप्रिल २०२०मध्ये तो आकडा जवळजवळ ६० लाखांवर गेला. मागणी परत आली तेव्हा कारखान्यांत माणसं होती, आणि तीच माणसं होती.

वेल्डिंगची यंत्रं बनवणारी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची लिंकन इलेक्ट्रिक आणखी पुढे गेली. ठरावीक वर्षं नोकरी झालेल्याला मंदीमुळे काढणार नाही, अशी हमी कंपनीने १९५८मध्ये दिली. त्याच्या बदल्यात कामगाराने तास कमी-जास्त होणं आणि दुसऱ्या कामावर पाठवलं जाणं मान्य करायचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्डर आटल्या तेव्हा कारखान्यातले कामगार वेल्डिंगची यंत्रं विकायला बाहेर पडले. यंत्र स्वतः बनवलेला माणूस ते विकतो आहे, यापेक्षा चांगला विक्रेता कुठून आणणार? हा धर्मादाय नाही. माणूस ठेवायचाच आहे असं एकदा ठरवलं की त्याला काय काम देता येईल याकडे डोकं चालायला लागतं. काढायचंच ठरवलं की ते चालत नाही.

टोयोटाचं उदाहरण मला सर्वांत जास्त विचार करायला लावतं, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. १९५०मध्ये कंपनी बुडायला आली होती. माणसं कमी करणार नाही म्हणून दिलेला शब्द मोडावा लागला, मोठा संप झाला, दीड हजारांहून जास्त कामगार गेले. आणि त्यांच्याबरोबर संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. कपातीची किंमत वरच्या माणसानेही मोजली, अशी उदाहरणं मला फार सापडलेली नाहीत. २००८मध्ये इंधन महागलं, मोठ्या पिकअप गाड्यांची विक्री कोसळली, तेव्हा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या कारखान्यातलं उत्पादन सुमारे तीन महिने बंद होतं. कायम कामगारांना काढलं नाही. ते रोज येत होते, प्रशिक्षण घेत होते, लाइनवरच्या अडचणी सोडवत होते. पण त्याच मंदीत जपानमध्ये कंपनीने ठरावीक मुदतीचे कामगार हजारोंनी कमी केले. कायम माणसाच्या खुर्चीला हात न लावता, मुदतीवरच्या माणसाला मुकाट्याने वजा करायचं.

हा कंत्राटी, मुदतीचा कामगार आज जगभरच्या कारखान्यांत आहे आणि त्याची कपात बातमीतही येत नाही. त्याला काढलं जात नाही, नुसतं ‘पुढच्या महिन्यापासून येऊ नको’ एवढंच सांगितलं जातं. हेडकाउंटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माणसांच्या मोजणीत, तो मुळात धरलेलाच नसतो, त्यामुळे तो गेल्याने हेडकाउंट कमीही होत नाही. मामांचं शिकवणं वहीच्या मागच्या पानांवर उतरवणारा तो मुलगा आवाज ओळखायला शिकत होता, तोवर त्याचं कंत्राट संपलं. त्यानंतर आलेल्याला शिकवायला तिथे कुणीच नव्हतं.

कायद्यांनी थोडंफार केलं आहे. अमेरिकेत १९८८च्या कायद्यानुसार १०० किंवा अधिक कामगारांच्या कंपनीला मोठी कपात करण्याआधी ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. बेल्जियममध्ये १९९७च्या फेब्रुवारीत रेनो या फ्रेंच मोटार कंपनीने व्हिलवोर्डेचा ३,१०० कामगारांचा कारखाना बंद करण्याची घोषणा कामगारांशी आधी बोलणी न करताच केली. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्या वर्षी तिथे आधी माहिती द्या, बोला, मगच ठरवा असा कायदा आला आणि तो लोकांच्या तोंडी रेनो कायदा म्हणूनच राहिला. आपल्याकडे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना कपातीआधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. १००ची ती मर्यादा २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने ३०० कामगारांवर नेली आहे. म्हणजे परवानगीची अट आता कमी कारखान्यांना लागते. कायदा मुदत देतो, भरपाई देतो. निर्णय घेणाऱ्याला तो काम दाखवू शकत नाही.

नोकियाकडे परत जाऊ, कारण शिकता येतं हेही खरं आहे. बोखुमचा तमाशा पदरी पडल्यावर, २०११पासून जगभरातली सुमारे १८,००० माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा कंपनीने वेगळी रीत धरली. १३ देशांत व्यवस्था उभारली. कपात होणार हे आधीच सांगितलं आणि माणसांना वाटा दिल्या: कंपनीतच दुसरी जागा, बाहेर नोकरी शोधायला मदत, स्वतःचा धंदा काढायला पैसा, काही नवं शिकायला पैसा. शेवटच्या दिवशी जवळजवळ ६० टक्के लोकांना पुढे काय करायचं ते ठाऊक होतं. माणसं गेलीच. पण गेटाबाहेर पडताना बहुतेकांना समोर रस्ता होता.

अलीकडे तरुण ऑपरेटर मला विचारतात, कुणकुण लागलीय, आता काय करायचं? मी त्यांना मोठा उपदेश करत नाही, एक काम सांगतो. अनुभवाचं पत्र आत्ताच मागायला लागा, यादी येण्याआधी, जो सुपरवायझर तुमचं काम ओळखतो तो खुर्चीवर आहे तोवर. आणि ‘यांनी समाधानकारक काम केलं’ या एका ओळीवर सही घेऊन येऊ नका. कुठल्या कंपनीची कुठल्या प्रकारची मशीन चालवली, किती मायक्रॉनमध्ये काम केलं, कुठले धातू हाताळले, सेटिंग स्वतः करत होता का, मशीन बिघडल्यावर मेंटेनन्सबरोबर काय काय उघडलं, किती जणांना शिकवलं, हे सगळं त्यात लिहून घ्या. सुपरवायझर म्हणेल एवढं कोण वाचतं. दुसऱ्या कारखान्यातला सुपरवायझर वाचतो, मी स्वतः वाचून माणसं घेतली आहेत. शब्द सुचत नसतील तर एक आठवडा रोज संध्याकाळी, आज मी काय केलं जे कार्यपद्धतीत लिहिलेलं नाही, ते वहीत टिपा. मग ती वही घेऊन पत्राचा मसुदा करायला बसा. हवं तर माझ्याकडे या, आपण मिळून लिहू.